नागपुरात बसून फ्लॉरेन्सचं जुनं चर्च ऑइलमध्ये कसं काढायचं

रेनेसान्स म्हणजे युरोपच्या प्रबोधन काळातलं चर्च रिअलिस्टिक ऑइल पेंटिंगमध्ये काढायचं ठरवलं की बहुतेक जण पहिले बारीक ब्रश आणायला पळतात, शून्य नंबर, डबल शून्य, आणि मग डाव्या कोपऱ्यापासून एकेक दगड एकेक नक्षी भरत बसतात. शेवटी नक्षी सगळी बरोबर असते पण इमारत काही उभी राहत नाही, चपटीच दिसते. काहून? तर उजेड कुठून येतो आणि सावली किती गडद हे आधी ठरलंच नव्हतं. माझं सरळ म्हणणं आहे की असं चित्र मापात आणि टोनमध्ये, म्हणजे कुठे किती गडद-फिकं यात, जमते नाहीतर फसते, नक्षी मागून येते आणि निम्मी तर काढावीच लागत नाही.

उदाहरणाला मी इटलीतल्या फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला हे चर्च घेतो. तिथल्या मुख्य रेल्वे स्टेशनचं नावही याच चर्चवरून आहे. पहिल्यांदा चर्च काढणाऱ्याला हे सोपं जाते, दर्शनी भिंत जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे परस्पेक्टिव्हची, म्हणजे लांबचं लहान दाखवायची, कटकट कमी, आणि दगड मुख्यतः दोनच, पांढरा संगमरवर आणि प्राटो गावाकडचा काळपट हिरवा. घुमटवालं चर्च पहिल्याच फटक्यात घेऊ नका, घुमटाची गोलाई सांभाळता सांभाळता खालची भिंत हातची जाते.

काढायच्या आधी त्या भिंतीची हिस्ट्री थोडी माहीत पाहिजे, भाव मारायला नाही, चुका टाळायला. चर्च १३व्या शतकात सुरू झालं, डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचं. दर्शनी भिंतीचा खालचा भाग १४व्या शतकात अर्धवट राहिला, त्यात टोकदार कमानींचे कोनाडे आहेत, थडग्यांचे. पुढे जिओव्हान्नी रुचेल्लाई नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने पैसा लावला आणि लिऑन बत्तिस्ता अल्बेर्ती या वास्तुकाराने बाकीचं डिझाइन केलं, १४७० मध्ये काम पूर्ण झालं, आणि ते साल रुचेल्लाईच्या नावासकट वर पट्टीवर रोमन अक्षरांत कोरून ठेवलं आहे. म्हणजे एकाच भिंतीत दोन काळ आहेत. खालचे कोनाडे टोकदार, मधला मोठा दरवाजा गोल कमानीचा, वर त्रिकोणी शिखर. बरेच जण सगळ्याच कमानी सरसकट गोल करून टाकतात आणि मग चित्र कुठल्याही चर्चचं वाटते.

दोन्ही बाजूंना ज्या मोठ्या एस आकाराच्या वेलांट्या दिसतात त्या नुसती सजावट नाहीत. मधला भाग उंच आणि बाजूचे ठेंगणे, मग बाजूंची उतरती छपरं लपवायची कशी, तर या वेलांट्यांनी. नंतर ही आयडिया कितीतरी चर्चवाल्यांनी उचलली. उजवीकडच्या वेलांटीतलं दगडी जडावकाम तर २०व्या शतकापर्यंत झालंच नव्हतं. खालच्या भागात इग्नात्सिओ दान्ती या डॉमिनिकन साधूने १५७० च्या दशकात बसवलेली दोन खगोलशास्त्राची यंत्रं आहेत, लांबून नुसते ठिपके दिसतात पण त्यांची सावली भिंतीवर पडते, ती घ्या, मजा येते.

आता रेफरन्स. आपण काही उठून इटलीला जात नाही, त्यामुळे फोटोवरच काम करायचं, पण फोटो एकच नको. उजेड-सावलीसाठी एक फोटो फायनल करा, नक्षी समजून घ्यायला बाकीचे कितीही ठेवा, पण दोन फोटोंचा उजेड मिसळू नका म्हणजे नका. चित्र विकायचं डोक्यात असेल तर ज्याचा फोटो त्याची परवानगी घ्या किंवा खुल्या लायसन्सवाला घ्या, इमारत पाचशे वर्षं जुनी असली तरी फोटो कालचा असतो.

फोटोत आणखी एक लोचा असतो. मोबाइल वर करून काढलेल्या फोटोत इमारत वरती निमुळती होत जाते, उभ्या रेघा एकमेकींकडे झुकतात. डोळ्याला ते फोटोत खटकत नाही पण कॅनव्हासवर चर्च मागे कलंडल्यासारखं वाटते. फोनच्याच एडिटरमध्ये परस्पेक्टिव्ह सरळ करायचं ऑप्शन असते, ते वापरा. आणि बरोबर सरळ झालं का हे कसं पाहायचं, तर त्याची चावी अल्बेर्तीनेच देऊन ठेवली आहे. ही अख्खी दर्शनी भिंत एका चौकोनात बसते, जेवढी खाली रुंद तेवढीच शिखरापर्यंत उंच. त्या चौकोनाची बाजू अर्धी करा, तसे दोन छोटे चौकोन शेजारी शेजारी ठेवले की खालचा मजला, आणि एक मधोमध वर ठेवला की वरचा मजला. तुमच्या फोटोत हे चौकोन बरेच लांबट निघत असले तर लेन्सने घोळ केला आहे, दुसरा फोटो शोधा.

उन्हाबद्दल जरा तपशीलात सांगतो कारण आपल्या नागपूरवाल्यांचं इथेच चुकते. या भिंतीचं तोंड दक्षिणेला आहे. म्हणजे तुम्ही समोर उभे राहिले की पूर्व उजव्या हाताला, सकाळचं ऊन उजवीकडून येणार आणि सावल्या डावीकडे पडणार, दुपारनंतर उलटं. भरदुपारी सावली सरळ खाली. फ्लॉरेन्स जवळपास ४४ अंश उत्तरेला आहे आणि आपण २१ अंशावर, त्यामुळे तिथे जूनच्या भरदुपारी पण सूर्य ७० अंशाच्या वर चढत नाही. आपल्याकडे तर मे अखेरीस आणि जुलैच्या मध्याला तो अक्षरशः डोक्यावर येतो, आणि मधल्या जूनमध्ये दुपारी किंचित उत्तरेला सरकतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला भरदुपारी ऊनच लागत नाही. आपल्या डोळ्याला ही सवय असते आणि हात नकळत तसंच काढतो.

हिशोब सोपा आहे. भरदुपारी फ्लॉरेन्समध्ये मार्च किंवा सप्टेंबरात सूर्य साधारण ४६ अंशावर असतो, तेव्हा भिंतीतून एक फूट बाहेर आलेल्या पट्टीची सावली खाली साधारण एक फूटच पडते. जूनमध्ये तीच अडीच फुटांच्या वर जाते आणि डिसेंबरात अर्ध्या फुटापेक्षा कमी. आता गंमत पाहा, नागपुरात डिसेंबरातला दुपारचा सूर्य जवळपास तेवढाच, ४५-४६ अंशावर असतो. म्हणजे फ्लॉरेन्सची मार्चमधली सावली पाहायची असेल तर डिसेंबरात दुपारी सिव्हिल लाइन्समध्ये जा आणि रस्त्यावरूनच एखाद्या जुन्या सरकारी इमारतीची दक्षिणेकडची भिंत पाहा, छज्ज्याखाली सावली केवढी आहे, तिची कड कुठे टोकदार आणि कुठे पुसट, सावलीच्या आत खालच्या जमिनीचा उजेड उसळून कसा वर येतो. आणि तिकडची जूनची सावली पाहिजे असेल तर आपल्याकडे मार्चमध्ये जा. अर्धा तास उभं राहून स्केचबुकात मांडून आणा, फोटो झूम करून हे समजत नाही. सकाळचा किंवा उतरत्या उन्हाचा फोटो निवडलेला बरा, तिरप्या उजेडात खांब गोल दिसतात.

सामान फार लागत नाही. सीताबर्डीच्या आर्टच्या दुकानांत विद्यार्थ्यांच्या क्वालिटीचे रंग सगळीकडे मिळतात, चालतात, फक्त पांढरा मात्र चांगल्यातला घ्या आणि मोठी ट्यूब घ्या, या चित्रात निम्मा पांढराच जातो. ट्यूबवर बारीक अक्षरांत पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, नंबर असतो, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटेनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. झिंक पांढरा वर्षानुवर्षांनी ठिसूळ होतो, तडे जातात, टायटेनियम घ्या. बाकी येलो ऑकर, बर्न्ट सिएन्ना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि व्हिरिडियन हा हिरवा, झालं. काळा रंग घेऊच नका. तेल म्हणजे आर्टिस्टवालं रिफाइंड लिनसीड, जवसाचं. जवस आपल्या विदर्भात भरपूर पिकतो म्हणून घरातलं चटणीचं खायचं तेल आणायचं नाही, आणि हार्डवेअरमधलं डबल बॉइल्ड तर त्याहून नको, ते गडद असते आणि पांढरा दगड पिवळट करून टाकते. हार्डवेअरमधलं टर्पेंटाइन ब्रश धुवायला ठीक, रंगात घालायला आर्टिस्टवालं. ब्रश चपटे, एक इंची, अर्धा इंची, पाव इंची, आणि रेघांसाठी एक लांब केसांचा लायनर.

कॅनव्हास २४ बाय ३० इंच, उभा. चर्चचा मोठा चौकोन १८ इंचांचा घ्या, दोन्ही बाजूंना ३-३ इंच सुटतात, खाली चौकाला ५ आणि वर आकाशाला ७. चौकोन ठरला की ९ इंचाचे तीन छोटे चौकोन आपोआप पडतात, मग त्यांचे पुन्हा अर्धे, पाव असं करत जा. फोटोवर पण तेच चौकोन मारा आणि एकेका घरात काय दिसते ते उतरवा. हे ग्रिड मारायला लाजायचं काही कारण नाही, लोक म्हणतात हे चीटिंग आहे, तर त्यांना सांगा की खुद्द अल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवर लिहिताना हीच युक्ती सांगितली आहे, चित्रकार आणि वस्तूच्या मध्ये धाग्यांचे चौकोन पाडलेला झिरझिरीत पडदा धरायचा आणि घराघराने काढायचं. ज्याने ही भिंत डिझाइन केली त्याचीच पद्धत आहे भाऊ.

उभ्या रेघांसाठी इतवारीतून गवंड्याचा छोटा ओळंबा आणा, कॅनव्हास ईझलवर सरळ लावा आणि ओळंबा सोडून खूण करा, पट्टीपेक्षा भरवशाचं आहे. क्षितिजाची रेघ विसरू नका. चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची म्हणजे क्षितिज, मोठ्या दरवाजाच्या उंचीच्या बरीच खाली. या लेव्हलच्या वरच्या सगळ्या बाहेर आलेल्या पट्ट्यांचं पोट दिसते, वरची बाजू दिसत नाही, ही एक गोष्ट पाळली तरी इमारत उंच वाटायला लागते. याच चर्चच्या आत मासाच्चो या चित्रकाराचं ख्रिस्ती ट्रिनिटीचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) भित्तिचित्र आहे, १४२७ च्या सुमाराचं, त्याच्या रेघा पण अशाच पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीला येऊन मिळतात, एकदा नेटवर काढून पाहा. गोल खिडकी समोरून आहे म्हणून गोलच राहील, दोरा आणि टाचणीने काढा.

पेन्सिल पक्की झाली की पांढऱ्या कॅनव्हासवर डायरेक्ट सुरू करू नका. रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्ख्या कॅनव्हासला पुसट हात मारा आणि कापडाने पुसून घ्या, फिक्या चहाइतका रंग राहिला पाहिजे. पांढऱ्यावर पांढरा संगमरवर दिसत नाही, या मधल्या टोनवर लगेच दिसतो.

मग त्याच रॉ अंबरने नुसत्या सावल्या टाका. नक्षी नाही, हिरवा दगड पण नाही, फक्त सावल्या. पट्ट्यांखालची, दरवाजाच्या खोलीची, कोनाड्यांतली, खांबांच्या एका बाजूची. आता मागे सरका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि पाहा. एवढ्यावरच चर्च उभं दिसलं तर पुढे जा, नसेल दिसत तर इथेच दुरुस्त करा, रंगाने ते सुधारत नाही.

टोनचं गणित असं मांडा, काळा शून्य आणि ट्यूबमधला कोरा पांढरा दहा. उन्हातला संगमरवर साधारण आठ, सावलीतला पाच, उन्हातला हिरवा दगड साडेतीन-चार, सावलीतला हिरवा दोन-अडीच, आकाश सहा-सात. फोटोप्रमाणे थोडं वरखाली होईल पण क्रम बदलायचा नाही. सगळ्यात जास्त कुठे फसते तर सावलीतल्या संगमरवरात. डोकं सांगते दगड पांढरा आहे, हात पांढरा लावतो, आणि सावली गायब. तो भाग पांढरा नाहीच, चांगला मध्यम करडा आहे. खात्री करायची असेल तर एका कार्डाला छोटं छिद्र पाडा आणि त्यातून फोटोचा तेवढाच तुकडा पाहा, स्वतःलाच पटणार नाही इतका गडद दिसतो. आणि अधूनमधून आपल्या चित्राचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, घोळ कुठे आहे ते दोन सेकंदात कळते.

रंग मिसळताना उन्हातल्या संगमरवराला पांढरा, त्यात चिमूटभर येलो ऑकर आणि अगदी टोकाला लागेल एवढा बर्न्ट सिएन्ना. सावलीला अल्ट्रामरीन अधिक बर्न्ट सिएन्ना अधिक पांढरा, निळ्याकडे झुकलेला, पण जमिनीजवळ आणि पट्ट्यांच्या पोटात ऑकर जास्त, कारण चौकातल्या फरसबंदीवरून उजेड उसळतो. हिरव्या दगडाला व्हिरिडियनमध्ये बर्न्ट सिएन्ना आणि थोडा अल्ट्रामरीन. नुसता व्हिरिडियन लावला तर लग्नाच्या मंडपाचा कापड वाटेल, त्याचा भडकपणा मारलाच पाहिजे. कोरा पांढरा शेवटपर्यंत लावू नका, चार-दोन जागी उन्हाची चमक द्यायला राखून ठेवा.

क्रम असा ठेवा, आधी आकाश, आणि ते इमारतीच्या कडेच्या जरा आत येऊ द्या, मग इमारतीचा रंग त्यावर चढवत कड बनवा, म्हणजे मध्ये कॅनव्हासची फट राहत नाही आणि कड कात्रीने कापल्यासारखी दिसत नाही. नंतर अख्खी भिंत संगमरवराच्याच रंगाने, ऊन आणि सावली धरून, हिरवा दगड नाहीच असं समजून. ती वाळू द्या. हिरव्या पट्ट्या त्याच्यावर. वाळलेल्या थरावर चुकलेली पट्टी कापडाने पुसता येते, ओल्यावर केलं की सगळा चिखल. एक लक्षात ठेवायचं, हिरवी पट्टी उन्हातून सावलीत गेली की तिचाही रंग तिथेच बदलला पाहिजे. एकाच रंगाने आरपार पट्टी ओढली की सावली मेली.

रेघांसाठी मास्किंग टेप लावू नका, कड इतकी कडक येते की मशीनचं काम वाटते. आपले जुने बोर्ड पेंटर पाहिले असतील, एका हातात टोकाला कापडाचा गोळा बांधलेली काठी, ती बोर्डाला टेकवायची आणि त्यावर मनगट ठेवून लायनर चालवायचा, तीच पद्धत. रेघ मधूनच थोडी तुटली, जाड-बारीक झाली तर होऊ द्या, दगड पाचशे वर्षांचा आहे.

वरच्या पट्टीवरची अक्षरं एकेक करून लिहायला गेलात तर नजर तिथेच अडकते. अठरा इंचाच्या भिंतीत ती अक्षरं इवलीशी आहेत, पट्टी आधी गडद करा आणि मग अक्षरांच्या मधल्या फटी उजळ रंगाने टाका, लांबून अक्षरं वाटतात. त्रिकोणातला सूर्याचा चेहरा पण तसाच, डोळे नाक काढू नका, एक गोल, किरणांचा आभास, एका बाजूला सावली. बारीक काम करायचं तर एकाच जागी करा, मी मधल्या दरवाजाच्या आसपास सुचवीन, तिथले खांब आणि त्यांचे कोरीव माथे जरा मन लावून काढा, बाकी ठिकाणी नुसता इशारा.

पुढच्या चौकात दोन दगडी स्तंभ आहेत, निमुळते, १६०८ चे, आणि गंमत म्हणजे ते ब्राँझच्या कासवांवर टेकलेले आहेत. पूर्वी तिथे रथांच्या शर्यती व्हायच्या, त्याचे वळणखांब. एखादा घेतला तर पुढे-मागे अंतर दिसते, पण मधोमध नको, बाजूला. माणसं दोन-तीन पुरे. चौक सपाट आहे म्हणून जवळचा असो की लांबचा, उभ्या माणसाचं डोकं क्षितिजाच्या रेघेजवळच येते, फक्त पाय खाली-वर होतात.

आता आपल्या हवामानाचं. ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजनने पक्का होतो, पाण्यासारखा उडत नाही, म्हणून मे महिन्यात गच्चीवर ४५ डिग्रीत ठेवून लवकर वाळवायची आयडिया डोक्यातून काढून टाका, वरची साय वाळते, आतून ओलं राहते, मग सुरकुत्या. कूलरसमोर पण नको, ओलसर हवा आणि वाळ्याच्या काड्यांचा भुसा ओल्या आकाशाला चिकटतो, आणि कूलर बंद करून खिडक्या लावल्या तर टर्पेंटाइनच्या वासाने डोकं चढते. खालचे थर टर्पेंटाइनचे पातळ, वरच्या थरात तेल हळूहळू जास्त, हा नियम मोडला की तडे नक्की. अंबर पटकन वाळतो, टायटेनियम हळू, त्यामुळे संगमरवराचा थर बोटाला लागत नाही इथपर्यंत थांबा, मग पट्ट्या. पावसाळ्यात यापेक्षा जास्त थांबा आणि कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून बुरशी येते. सुरुवात करायला दिवाळीनंतरचा टाइम बेस्ट, हवा कोरडी आणि उजेड स्वच्छ.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात ढीग करून टाकायची नाहीत, लिनसीड तेल वाळताना गरम होते आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो, उन्हाळ्यात तर विचारूच नका. फडकी पाण्यात भिजवून झाकणाच्या टिनाच्या डब्यात टाका, नाहीतर बाहेर एकेक करून मोकळी पसरवा.

सही केली की लगेच चकचकीत वॉर्निश मारायचा मोह होईल. सहा महिने ते वर्षभर थांबावं लागते, थर जाड असेल तर वर्षच धरा. तोवर काही भाग मॅट आणि काही चमकदार दिसत असतील तर रिटच वॉर्निशचा, म्हणजे तात्पुरत्या वॉर्निशचा, एक पातळ हात चालतो. फायनल वॉर्निश पुढच्या हिवाळ्यात, कोरड्या दिवशी, कॅनव्हास आडवा ठेवून रुंद मऊ ब्रशने एकाच दिशेने मारा, आणि वाळेपर्यंत पंखा बंद.